चाकरमान्यांनो, या गणपतीत घरच्या कॉम्प्युटरपाशी एक तास बसा

मुंबई-ठाण्यात, पुण्यात राहणाऱ्या आणि गणपतीला न चुकता कोकणातल्या घरी येणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गात कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. तुम्ही शिकायला, नोकरीला बाहेर पडलात आणि तुमच्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर, नाहीतर नवा घेतल्यावर मागे ठेवलेला लॅपटॉप, गावच्या घरी राहिला. आता तो तुमचे आईवडील वापरतात. पेन्शन जमा झाली का ते बघतात, मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देत असतील तर बुकिंग बघतात, हापूसच्या पेट्यांवर चिकटवायची नावे छापतात, रात्री मालिकेचा चुकलेला भाग लावतात. खाऱ्या हवेने रॅमचे पाय काळे पडले तर आम्ही ते खोडरबराने घासून देतो, पावसात पॉवर सप्लाय उडाला तर बदलून देतो. पण हल्ली ज्या कारणासाठी आम्हाला सगळ्यात घाईने बोलावणे येते ते म्हणजे पडद्यावर येणाऱ्या व्हायरसच्या खोट्या सूचना, आणि त्यात मशीनचा काही दोष नसतो. त्याबद्दल तुम्हालाच लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

वेंगुर्ल्याकडच्या एका घरची गोष्ट सांगतो. काकूंना पाहुण्यांचे बिल छापायचे होते आणि प्रिंटर दाद देत नव्हता. त्यांनी प्रिंटरचा ड्रायव्हर शोधला, यादीत सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केले, आणि अख्खा पडदा निळा झाला. विंडोजच्याच धाटणीच्या चार-पाच चौकटी एकावर एक, मध्ये लाल ढाल, खाली टोल-फ्री वाटावा असा फोन नंबर. एक बाई इंग्रजीत तेच तेच बजावते आहे: कॉम्प्युटर बंद करू नका, तुमची बँकेची माहिती चोरीला जात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. माऊसचा बाण गायब. वरची पट्टी नाही, बंद करायची फुली नाही. मी पोहोचलो तेव्हा काकूंनी स्पीकरची वायर उपटून टाकली होती आणि त्या माजघराच्या दारात लांब उभ्या होत्या. ‘‘ह्यो बंदच होना नाय,’’ म्हणाल्या. आणि लगेच, ‘‘मी कायएक करूक नाय हां.’’

एस्केपचे बटण जरा वेळ दाबून धरले. पूर्ण पडदा सुटला, वरची पट्टी दिसू लागली. ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबून ब्राउझर बंद केला. नंतर विंडोज सिक्युरिटी उघडून पूर्ण तपासणी लावली, त्यात काही सापडले नाही. सापडणार नव्हतेच, कारण पडद्यावर होते ते फक्त एक वेब पान. काकूंच्या ‘मी काही केले नाही’ या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे.

हे पान चालते कसे ते आधी समजून घ्या, म्हणजे घरी समजावून सांगता येईल. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला तुमच्या सी ड्राइव्हमध्ये डोकावून व्हायरस शोधता येत नाही. ‘तपासणी चालू आहे’ म्हणून सरकणारी पट्टी आणि वाढत जाणारे आकडे म्हणजे चित्रफीत. समोरचा कॉम्प्युटर कोणताही असो, शेवटी तेवढेच व्हायरस निघतात. पानावर कुठेही एक क्लिक झाले की त्याला पूर्ण पडदा व्यापता येतो, आवाज लावता येतो, माऊसचा बाण लपवता येतो. ‘आम्हाला तुमचा आयपी पत्ता आणि शहर माहीत आहे’ असे लिहून घाबरवतात, पण ती माहिती आपण उघडतो त्या प्रत्येक संकेतस्थळाला मिळतच असते. आणि ती बरोबरही असतेच असे नाही. कुडाळात बसलेल्या माणसाला पुष्कळदा तिथे ‘मुंबई’ दिसते, कारण इंटरनेट कंपनीची नोंद तिकडची असते. मोबाईलवर तर मी ‘तुमचा सी ड्राइव्ह बिघडला आहे’ अशी सूचना पाहिली आहे. मोबाईलला सी ड्राइव्ह कुठून असणार?

खरी सूचना कशी असते? विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे, फुकटचे अँटिव्हायरस आधीपासून असते, ते विंडोज सिक्युरिटी या ॲपमध्ये दिसते. त्याला काही सापडले तर उजव्या कोपऱ्यात छोटी चौकट येते आणि बहुतेक वेळा सापडलेली फाइल त्याने आधीच बाजूला काढून ठेवलेली असते. स्टार्टमधून विंडोज सिक्युरिटी उघडले की ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये त्याची नोंद दिसते. ते बोलत नाही, पडदा अडवत नाही, पैसे मागत नाही. आणि फोन नंबर कधीच देत नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःच हे स्पष्ट सांगितले आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर नसतो. घरी बाकीचे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे राहू दे: व्हायरसच्या सूचनेत फोन नंबर दिसला की ती खोटी.

दुसरा एक प्रकार आहे, कमी भीतीदायक पण जास्त चिकट. सिनेमा किंवा क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असे येते. दाबले की त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याचा परवाना मिळाला. मग ब्राउझर बंद असला तरी कोपऱ्यात दिवसभर ‘५ व्हायरस सापडले’, ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’ अशा चौकटी येत राहतात, कधी नामांकित अँटिव्हायरसचे चिन्ह लावून. नीट पाहिले तर चौकटीत बारीक अक्षरात क्रोमचे नाव आणि कुठल्यातरी अगम्य संकेतस्थळाचा पत्ता असतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि तिथल्या यादीतून अनोळखी नावे काढून टाका. दोन मिनिटांत शांतता होते. याच कामासाठी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ सांगून पैसे घेणारे आमच्या धंद्यात आहेत, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता त्या नंबरवर फोन केला तर काय होते ते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केला होता. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलला, ‘सर, सर’ म्हणत. त्याने विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबायला सांगितले, एक शब्द टाइप करून घेतला, आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यात लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी असते. ‘‘सर, या सगळ्या लाल खुणा म्हणजे व्हायरस.’’ तुमच्या ऑफिसच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा, तिथेही अशाच लाल खुणा मिळतील. त्या किरकोळ, रोजच्या नोंदी असतात. पण ती यादी सरांच्या स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या डोळ्यांसमोर उघडली होती. त्यांचा विश्वास बसला. मग एनीडेस्क उतरवून घेतले आणि मशीनचा ताबा त्या माणसाकडे गेला. मग ‘फक्त दहा रुपये नोंदणी’ म्हणून नेटबँकिंग उघडायला लावले, मध्येच पडदा काळा केला, आणि ओटीपी विचारला. जवळजवळ दोन महिन्यांची पेन्शन गेली.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, विंडोजमधले क्विक असिस्ट, ही साधने वाईट नाहीत. मीही वापरतो, तुम्हीही मुंबईहून वडिलांचा प्रिंटर लावून देताना वापरत असाल. म्हणूनच घरी नियम ठरवा: फोन आपण केला आणि आवाज ओळखीचा असेल, तरच ते उघडायचे.

हे धंदे कुणी फुटकळ पोरे करतात असेही समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांनी दिलेल्या तक्रारींवरून, टेक सपोर्टच्या नावाखाली परदेशी नागरिकांना लुबाडणारी कॉल सेंटरे त्यात सापडली. कामाच्या पाळ्या, पाठ केलेली संभाषणे, सगळे व्यवस्थित. अशा सराईत बोलणाऱ्यासमोर आपले सत्तरीतले वडील एकटे बसलेले असतात.

आता काकूंच्या वाक्याकडे येतो. ‘मी काही केले नाही.’ हे मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते. मी अजून काही विचारलेलेही नसते, तोवर माणूस आपली बाजू मांडू लागतो. या वयात त्यांना कुणाची भीती? खरे सांगू, तुमची. ‘कळत नाही तर हात कशाला लावता’, ‘कितीदा सांगितले’, ‘आता मी मीटिंगमध्ये आहे’. तुम्ही हे रागाने म्हणत नसाल, घाईत म्हणत असाल. लोकलच्या गर्दीत फोन येतो तेव्हा कोण शांतपणे बोलणार? पण पडवीत एकटे बसलेल्या माणसाच्या मनात ते घर करते. मुख्याध्यापकांना मी विचारले, मुलाला आधी फोन का नाही केलात? ते म्हणाले, ‘‘तो कामात असतो. आणि त्याला सांगितले असते तर त्याने कॉम्प्युटरच बंद करायला लावला असता.’’ पडद्यावरचा नंबर मात्र पहिल्या रिंगला उचलला गेला, ‘सर’ म्हणून बोलला, आणि अर्धा तास न कंटाळता ऐकत राहिला.

माझे म्हणणे एवढेच आहे. त्या नंबरच्या आधी ज्याला फोन करावासा वाटेल असा माणूस तुमच्या आईवडिलांकडे असायला हवा. तो तुम्ही असा. दुपारी फोन उचलणे जमत नसेल तर वाडीतला दुसरा कुणी ठरवून द्या, कॉलेजात जाणारी पुतणी, शेजारचा शिक्षक, आणि त्याच्यासमोर आईबाबांना सांगा की कधीही विचारा. आणि विचारले तर कुणीही ओरडायचे नाही, हे घरातल्या सगळ्यांनी मान्य करा. बाजारातले महागडे अँटिव्हायरस घेऊन दिले तरी ही जागा भरत नाही. फोनवर गोड बोलून माणसाकडूनच परवानगी काढली जाते, तेव्हा अँटिव्हायरसला अडवायला फारसे काही उरत नाही.

मग त्या एका तासात काय करायचे? गणपतीत वेळ मिळत नाही हे मला माहीत आहे. आरत्या, भजने, वाडीत घरोघर जाणे. दीड दिवसाचा गणपती असेल तर विसर्जनानंतरची सकाळ मोकळी असते. पाच दिवसांचा असेल तर एखादी दुपार काढा.

सगळ्यात आधी आईला किंवा बाबांना खुर्चीवर बसवा आणि स्वतः बाजूला उभे राहा. ब्राउझर उघडून एफ-११ दाबा. वरची पट्टी नाहीशी होईल, पान पूर्ण पडदा व्यापेल. आता त्यांना म्हणा, हे बंद करा. आधी एस्केप दाबून धरायचे, नाही सुटले तर एफ-११ परत, मग ऑल्ट आणि एफ-४. तेही चालले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, ब्राउझरचे नाव निवडून ‘एंड टास्क’ करायचे. हे त्यांच्या हातून चार-पाचदा करून घ्या. बघून शिकलेले ऐनवेळी आठवत नाही, बोटांनी केलेले आठवते. आणि काहीच सुचले नाही तर पॉवरचे बटण आठ-दहा सेकंद दाबून मशीन सरळ बंद करायचे, हेही करून दाखवा. ‘बंद करू नका’ हीच तर त्या पानाची सगळ्यात मोठी थाप असते. एकदा बटणाने बंद केल्याने फार तर सेव्ह न केलेले काम जाईल. परत चालू केल्यावर ब्राउझर ‘आधीची पाने उघडू का’ असे विचारतो, तिथे नाही म्हणायचे, नाहीतर तेच पान पुन्हा येईल.

मग तुम्ही बसा. विंडोजचे अपडेट बघा. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा-अपडेट मिळत नाहीत, आणि त्यावर नवा क्रोमही चालत नाही. तरीही अशी मशीन मी गावोगाव बघतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्यांना त्यापुढेही काही काळ सुरक्षा-अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, ती तुमच्या मशीनवर लागू आहे का बघा. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नसेल आणि वापर फक्त ब्राउझर, ईमेल, छपाई एवढाच असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून द्या. फुकट आहे, आणि दोन-चार दिवसांत हात बसतो.

रोजच्या वापरासाठी साधे खाते काढा. ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वेगळे ठेवा आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे असू द्या. मग कुणी काही घुसवू पाहिले की मशीन बहुतेक वेळा पासवर्ड मागेल, आणि त्यासाठी तुम्हाला फोन करावा लागेल. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन टाका. क्रोममध्ये त्याची लाइट आवृत्ती चालते, फायरफॉक्समध्ये पूर्ण. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये तर अशी पूर्ण पडद्याची खोटी पाने ओळखून थांबवणारा स्केअरवेअर ब्लॉकर २०२५ मध्ये आला, तो सेटिंग्जमध्ये चालू आहे याची खात्री करा. लॅपटॉपसोबत आलेल्या अँटिव्हायरसची चाचणी-मुदत संपलेली असेल तर ते काढून टाका. ते असते तोवर विंडोजचे स्वतःचे संरक्षण मागे सरलेले राहू शकते. काढले की पुन्हा पुढे येते, आणि ‘मुदत संपली’ची भुणभुणही थांबते. खरी आणि खोटी ‘मुदत संपली’ यांतला फरक म्हाताऱ्या माणसाने रोज का ओळखत बसावा? पैसे देऊन एखादे चांगले अँटिव्हायरस घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण एकच. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मशीन साफ करणारी साधने फुकट मिळतात, तीही उपयोगी आहेत.

आणि विंडोज खरे आहे ना, हे विचारा. मला माझ्या व्यवसायबंधूंबद्दल लिहिताना बरे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे. आपल्याकडे कितीतरी मशीनवर चोरीचे विंडोज आणि चोरीचे ऑफिस टाकून दिलेले असते. ते चालावे म्हणून ‘ॲक्टिव्हेटर’ टाकतात, त्यासाठी विंडोज सिक्युरिटी बंद करतात, आणि पुढे बिंग फुटू नये म्हणून अपडेटही बंद ठेवतात. म्हणजे कुलूप बसवायला बोलावलेल्या माणसानेच कडी काढून ठेवायची. दुकानदाराकडे बिल मागा. लिबरऑफिस फुकट आहे, मराठीही नीट चालते. छपाईला आणि हिशेबाला तेवढे पुरते.

फोटो, बुकिंगची वही, आंब्याच्या गिऱ्हाइकांची यादी एका वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क मशीनबरोबरच जाते.

पैसे गेलेच तर काय, तेही याच बैठकीत बोलून घ्या, कारण तेव्हा मिनिटे मोजावी लागतात. आधी राउटर बंद करायचा, म्हणजे पलीकडच्याचा ताबा सुटतो. लगेच १९३० ला फोन, आणि बँकेला. १९३० ही केंद्रीय गृहखात्याची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. लवकर कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, उशीर झाला की ते खात्याखात्यांतून फिरून काढून घेतले जातात. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवले की ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. लाजेपोटी एक रात्र गप्प बसण्याची किंमत किती मोठी, हे यातून कळेल. मुख्याध्यापक दोन दिवस गप्प होते. पासवर्ड नंतर दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाईलवरून बदला, त्याच मशीनवरून नको. आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला संकोच करू नका. कॉम्प्युटरच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

कॉम्प्युटरशेजारच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात एक कागद लावा. त्यावर तुमचा नंबर, वाडीत ठरवलेल्या माणसाचा नंबर आणि १९३०. अक्षर आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे हवे.

ज्यांना यंदा यायला जमणार नाही त्यांनी व्हिडिओ कॉलवर करावे. अपडेट आणि वेगळे खाते यांसाठी जवळच्या भरवशाच्या दुरुस्तीवाल्याला सांगावे, पण एफ-११ चा सराव स्वतः घ्यावा. आणि वाडीच्या मंडळांना एक विनंती. गणपतीत किंवा मे महिन्यात देवळाच्या सभामंडपात पडदा आणि प्रोजेक्टर असतोच. एखाद्या दुपारी तिथे अशी खोटी खिडकी सगळ्यांसमोर लावू, एकेकाला पुढे बोलावून बंद करायला देऊ. कुडाळ, वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी या तालुक्यांत कुठेही मी स्वतःच्या खर्चाने यायला तयार आहे. दोन दिवस आधी कळवा, लॅपटॉप मी आणीन.

आपला,
कुडाळ तालुक्यातील एक कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा